विजयनगरच्या दोन ओळी : सीमेवरच्या एका गावाच्या नावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या गटाने सातवी-आठवीच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका करायला घेतली होती. विषय होता भारताच्या सीमेवरची गावं आणि त्यांची नावं कशी पडली. गटात आम्ही सहा जण, बहुतेक सगळे निवृत्त. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. आमच्यात साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते, त्यांनी ईशान्येत बरीच नोकरी केली होती. प्रत्येक गावाला अर्धं पान द्यायचं आणि त्यात नावाच्या गोष्टीला दोन ओळी, असं ठरलं होतं. हे प्रकरण त्यातल्या एकाच गावाच्या दोन ओळींचं आहे. माणसांची ओळख पटणार नाही याची काळजी घेतली आहे. गावाचं नाव मात्र बदलता येण्यासारखं नव्हतं, कारण सगळी गोष्टच नावाची.

गाव आहे अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यातलं विजयनगर. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तरच या गावाची अडचण कळते. भारताचा एक निमुळता तुकडा म्यानमारमध्ये घुसलेला आहे, त्याच्या टोकाशी हे खोरं. तीन बाजूंना म्यानमार. चौथ्या बाजूला नामदाफाचं जंगल, १९८५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प. मियाव हे सगळ्यात जवळचं बाजाराचं गाव, तेही सुमारे १५७ किलोमीटरवर. नोआ दिहिंग नदीच्या कडेने जाणारी ती वाट पावसाळ्यात दरडींनी तुटायची आणि मग लोक पाठीवर ओझं घेऊन चालत निघायचे, पाच-सहा दिवस, कधी त्याहून जास्त. तांदूळ, मीठ, साबण, सगळं एक तर पाठीवरून यायचं नाही तर हवाई दलाच्या विमानातून. अशा गावात मिठाला काय भाव येत असेल, याची कल्पना आपण इथे बसून करू शकत नाही.

जवळच चौकान खिंड आहे. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा काही माणसं या खिंडीतून जीव वाचवत भारतात उतरली. दाफा नदीला पूर आला होता आणि ती पलीकडे अडकली. गाइल्स मॅक्रेल नावाचा एक चहा मळेवाला हत्ती घेऊन गेला आणि त्याने त्यांना पार केलं. हे मी आवर्जून सांगते, कारण पुढे ‘शोध’ या शब्दावरून वाद झाला आणि तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडली.

आता नावाकडे. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला चिनी सैनिकांशी चकमक झाली आणि त्याच वर्षी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, सीमेची जबाबदारी लष्कराकडे गेली. ऑक्टोबर १९६० मध्ये चीन आणि ब्रह्मदेश यांनी आपापसातली सीमा करार करून ठरवून टाकली. भारत आणि ब्रह्मदेश यांचा सीमाकरार व्हायला मात्र मार्च १९६७ उजाडावा लागला. म्हणजे १९६१ मध्ये या कोपऱ्यात रेघ कुठून जाते, हे कागदावरही पक्कं नव्हतं. अशा वेळी तिथे आपलं माणूस आहे का, आपलं ठाणं आहे का, याला फार मोल असतं. त्याच वर्षी आसाम रायफल्सची एक मोहीम जंगल तुडवत या खोऱ्यात पोचली. मेजर जनरल ए. एस. गुराया हे तेव्हा आसाम रायफल्सचे प्रमुख. त्यांच्या मुलाचं नाव विजय. त्याच्यावरून खोऱ्याला विजयनगर नाव मिळालं.

अडचण

आमच्या पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. दोन ओळी मीच लिहिल्या होत्या आणि त्या अशा होत्या : ‘भारतीय सैन्याच्या विजयाची आठवण म्हणून या गावाला विजयनगर हे नाव मिळालं. १९६१ मध्ये आसाम रायफल्सने या दुर्गम खोऱ्याचा शोध लावला.’

पहिलं वाक्य मी कुठेही पाहिलेलं नव्हतं. ते डोक्यात आपसूक तयार झालं. सीमेवरचं गाव, सैन्याचं ठाणं, नावात विजय. आणखी काय हवं? आमच्या मुलांना विजयनगर म्हटलं की हंपी आठवते, म्हणून ‘हे ते विजयनगर नव्हे’ अशी टीपही मी जोडली होती. तेवढं केलं की काळजी घेतली असं वाटतं.

सुभेदारांनी कच्चं मुद्रित हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “बाई, कुठला विजय? एकसष्ट साली तिथं लढाई कुठं होती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लढाई झाली ती पुढच्या वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये, आणि नेफात आपल्याला माघार घ्यावी लागली. ती या खोऱ्यात झालीही नाही. म्हणजे माझं वाक्य सालाच्या हिशेबातच बसत नव्हतं. शोध घेतला तेव्हा मुलाच्या नावाची हकिकत मिळाली. सुभेदारांनी ती नोकरीत असताना ऐकलेली होती, पण मी विचारलंच नव्हतं म्हणून त्यांनी सांगितली नव्हती.

पहिलं वाक्य दुरुस्त झालं. इथे थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

आमच्या एका सहकारी ताईंच्या शेजारी, पुण्यात, ईशान्येकडच्या काही मुली भाड्याने राहत होत्या. त्यातली एक लिसू समाजाची, त्याच खोऱ्यातली. सरकारी कागदांत या समाजाला योबिन म्हणतात. ताईंनी सहज तिला मुद्रित दाखवायला बोलावलं. मराठी तिला जेमतेम समजायचं, म्हणून मी तिला दोन्ही ओळी हिंदीत सांगितल्या. मुलाच्या नावापाशी तिने मान हलवली, ते तिला माहीत होतं. ‘शोध लावला’पाशी ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “मॅम, गाँव तो पहले से था।”

मी विचारलं, त्याला नाव होतं? तिने मुद्रिताची पाठची कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलने खोरं काढलं. मधून नदी, दोन्ही बाजूंना डोंगर, एका अंगाला तुटक रेघ म्हणजे मियावची वाट. मग पाच-सहा नावं लिहिली. रोमन मोठ्या लिपीसारखी अक्षरं, पण त्यातली काही चक्क उलटी. मला वाटलं घाईत चुकली. ती हसली आणि म्हणाली, ही आमची लिपी आहे, यात काही अक्षरं उलटीच असतात. शंभरेक वर्षांपूर्वी ब्रह्मदेशात घडलेली ही लिपी, तिच्या आजीने तिला चर्चच्या पुस्तकातून शिकवलेली. विजयनगरच्या जागी तिने जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं : दावोदी.

ज्या माणसांच्या घरात गावाच्या नावाला स्वतःची लिपी आहे, त्यांचं गाव आम्ही १९६१ मध्ये ‘शोधून काढलं’ असं सातवीच्या मुलांना सांगणार होतो. मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. भूगोलाच्या बाईने कुठलीही चूक करावी, ही करू नये.

समोर असलेले पर्याय

तीन वाटा होत्या आणि तिन्हींच्या बाजूने बोलणारी माणसं गटात होती.

पहिली वाट सोपी होती. ‘शोध लावला’ काढून ‘पोचली’ करायचं, बाकी तसंच ठेवायचं. जागा तेवढीच लागते आणि चूकही राहत नाही. सुभेदार याच्या बाजूने होते आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, “नाव देणं म्हणजे नुसती हौस नव्हे, बाई. नाव दिलं की ते नकाशावर येतं. नकाशावर आलं की रसद येते, डॉक्टर येतो. बेनाव जागेला कोण विमान पाठवतं?” जंगलात महिना-महिना काढलेल्या माणसाचं हे बोलणं होतं. त्या तुकडीने जे कष्ट काढले त्यांचा मान राहिला पाहिजे, हे मलाही मान्य होतं.

दुसरी वाट म्हणजे नावाची गोष्टच गाळून टाकायची. गटातल्या एका काकांनी हे सुचवलं आणि त्यामागे भीती होती. डिसेंबर २०२० मध्ये, राज्यातल्या पंचायत निवडणुकांच्या तोंडावर, विजयनगरमध्ये जमावाने सरकारी कार्यालयं पेटवली होती. वाद होता तिथे वसवलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांना पंचायतीत मतदानाचा हक्क असावा की नाही याचा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आसाम रायफल्सच्या सुमारे दोनशे निवृत्त जवानांची कुटुंबं, बहुतेक गोरखा, या खोऱ्यात जमीन देऊन वसवली गेली होती. सीमेवर वस्ती राहावी हा हेतू. लिसूंना मात्र बराच काळ ब्रह्मदेशातून आलेले म्हणून वागवलं गेलं, त्यांच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह लागलं आणि ते सुटायला १९९४ साल यावं लागलं. म्हणजे ‘आधी कोण’ हा त्या गावात इतिहासाचा प्रश्न नाही, रोजच्या हक्काचा आहे. काकांचं म्हणणं, आपण पुण्यात बसून त्यात कशाला पडा?

तिसरी वाट : सगळं क्रमाने सांगायचं. आधी दावोदी आणि तिथले लिसू, मग १९६१ ची मोहीम, मग विजयनगर हे नाव, मग माजी सैनिकांची वस्ती. यात दोन ओळींच्या जागी पूर्ण पान जाणार होतं. पुस्तिका सोळा पानी फॉर्मच्या हिशेबात बांधलेली. एक पान वाढवायचं तर दुसरीकडे दोन गावं कापावी लागणार.

काय केलं

दोन बैठका नुसत्या बोलण्यात गेल्या. काकांचा पर्याय आधी बाद झाला. नाव गाळलं तरी वरती ठळक अक्षरांत ‘विजयनगर’ छापलेलं राहणारच होतं. मग गप्प बसणं म्हणजे एका बाजूने बोलणंच झालं असतं.

पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात निर्णय होईना. मी चौकान खिंडीची गोष्ट काढली. म्हटलं, १९४२ मध्येच माणसं या डोंगरांतून उतरली होती, तेव्हाही हा मुलूख कुणाला अज्ञात नव्हता. सुभेदारांना ते पटलं, पण पान वाढवण्याइतकं नाही.

मग एक वेगळंच झालं. पुस्तिकेत महाराष्ट्रातलं एक गाव तुलनेसाठी घेतलं होतं, साताऱ्याजवळचं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे, घरटी माणूस फौजेत जाण्याची रीत आजही टिकून आहे. गावाला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. ते पान सुभेदारांनी स्वतः लिहिलं होतं आणि त्या बैठकीत ते वाचून दाखवत होते. मध्येच थांबले. म्हणाले, “इथं मिलिटरी पुढं लागलं, पण अपशिंगे गेलं नाही. तसंच राहिलं.” मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. त्यांनीच विचारलं, “त्या पोरीनं काय नाव सांगितलं होतं?”

तिसरा पर्याय तिथे ठरला. कापायची दोन गावंही त्यांनीच निवडली, त्यातलं एक त्यांच्या आवडीचं होतं.

मजकूर मी नव्याने लिहिला. ‘दुर्गम’ शब्द काढला, कारण दुर्गम ते आपल्याला, तिथे राहणाऱ्याला नव्हे. ‘वसवलं’ हे क्रियापद गावाला न लावता माजी सैनिकांच्या कुटुंबांना लावलं. या एका बदलाने सगळं पान सरळ झालं : कुटुंबं वसवली, गाव आधीपासून होतं. मुलाच्या नावाची हकिकत ठेवली आणि तीत कुठे नाक मुरडलं नाही. आपल्या पुण्यातली नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची आहे. घरातल्या पोराचं नाव जागेला देणं आपल्याला परकं नाही.

त्या मुलीला पान वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी उच्चार सुधारले.

परिणाम

पुस्तिका छापून आली, शाळांत गेली. विजयनगरच्या पानावर मुलांनी जितके प्रश्न विचारले तितके कुठल्याच गावावर विचारले नाहीत. एका शाळेत एका मुलाने आपल्या वाडीचं जुनं नाव आजीला विचारून आणलं आणि फळ्यावर लिहिलं. मी तिथे होते.

पण दीडेक महिन्याने सुभेदारांना एक फोन आला. त्यांच्या जुन्या ओळखीतून पुस्तिका एका माजी हवालदाराच्या मुलापर्यंत पोचली होती. हा माणूस विजयनगरमध्येच वाढलेला, आता नोकरीसाठी बाहेर. कुणाकडून तरी पान समजून घेतलं होतं. सुभेदारांनी फोन माझ्याकडे दिला. तो रागावलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. म्हणाला, “मॅडम, जो लिखा है सही लिखा है। लेकिन हम अपने आप नहीं आए थे, बुलाए गए थे।” त्याच्या आईने येताना मक्याचं बी लुगड्याच्या पदरात बांधून आणलं होतं. पहिलं पीक त्या बियाण्याचं. वडील तिथेच गेले. त्यांची पिढी म्हणते, सरकारने आम्हाला सीमा राखायला नेलं, आणि आता आमच्या नातवंडांना विचारतात तुम्ही कोण.

आमच्या पानावर त्यांच्यासाठी एकच वाक्य होतं, ‘माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली’. कुणी वसवली, का वसवली, काय कबूल केलं, यातलं काही नाही. एका बाजूची चूक सुधारताना दुसरी बाजू आम्ही अर्ध्या वाक्यात उरकली होती. ‘वसवली गेली’ या क्रियापदाचा मला केवढा अभिमान होता! त्यात कर्ताच नव्हता.

निर्णयाच्या जागा, आणि आज करायचं झालं तर

मागे वळून पाहताना पहिली चुकलेली जागा अगदी आधीची दिसते. मसुदा लिहून मग विचारायला गेलो. उलट करायला हवं होतं. सुभेदार माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होते आणि त्यांना नावाची हकिकत माहीत होती. गावाच्या नावाचा अर्थ शब्दकोशातून लावू नये, हे मी वर्गात शिकवत आले. ‘विजय’सारखा स्वच्छ, सगळ्यांना कळणारा शब्द असला की तिथेच जास्त संशय घ्यायला हवा. अवघड नाव माणूस शोधतो, सोप्या नावाला फसतो.

दुसरी जागा म्हणजे ती मुलगी. ती शेजारी राहत होती म्हणून भेटली. ती नसती तर ‘पोचली’वर भागलं असतं आणि आम्ही समाधानी राहिलो असतो. पुढच्या वेळी गावाच्या प्रत्येक समाजातलं निदान एक माणूस आधी गाठायचं, आणि नाही मिळालं तर ते पान छापायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. यामुळे पुढची पुस्तिका बारीक होईल. होऊ दे. आणि एकाच मुलीवर सगळ्या समाजाचं ओझं टाकणंही बरोबर नव्हतं. तिची परीक्षा जवळ होती आणि आम्ही तिला तीन वेळा बोलावलं.

तिसरी जागा पानाच्या आकाराची. अर्धं पान सगळ्यांना सारखं, हा नियम आम्हाला न्यायाचा वाटला होता. पण ज्या गावाला एकच नाव आहे आणि ज्याला दोन आहेत, त्यांना सारखी जागा कशी पुरेल?

तिने काढलेलं खोऱ्याचं चित्र आम्ही छापलं नाही, ‘नीट’ नकाशा हवा म्हणून. तो नकाशा नीट होता, पण त्यात दावोदी नव्हतं. हे मला अजून टोचतं. सप्टेंबर २०१९ पासून गावच्या धावपट्टीवर हवाई दलाची एएन-३२ विमानं दुरुस्तीनंतर पुन्हा उतरू लागली, ते मात्र नकाशात चिन्हासकट होतं.

दुसऱ्या आवृत्तीचं काम आता चालू आहे. हवालदाराच्या मुलाने आपल्या आईचं सांगणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं आहे, नेपाळीत. त्याचा हिंदी अनुवाद तोच करून देतो आहे. मुलीचं पेन्सिलचं चित्र मी जपून ठेवलं होतं, ते तिच्या परवानगीने या वेळी आहे तसं छापणार आहोत, उलट्या अक्षरांसकट.

मजकूर तिला पुन्हा दाखवला तेव्हा तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘मियावहून गांधीग्राममार्गे विजयनगरला जाता येतं’, असं तिथे होतं. दोन वर्षं ती ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली होती. “मॅम, गांधीग्राम का भी नाम था। शिदी।”

पहिल्या आवृत्तीच्या काही प्रती माझ्याकडे शिल्लक होत्या. त्या घेऊन आम्ही दोघी टेबलाशी बसलो. प्रत्येक प्रतीत त्या ओळीच्या वर तिने आपल्या लिपीत नाव लिहिलं, आणि खाली मी देवनागरीत.